द बाझल, अ‍ॅमस्टरडॅम: कालव्याकाठची जुनी बँक, आत शहराचे कागद

अ‍ॅमस्टरडॅमला दोन-तीन दिवस मिळाले की आपली मंडळी काय बघतात ते ठरलेलं असतं. कालव्यातली बोट, व्हॅन गॉगचं संग्रहालय, अ‍ॅन फ्रँकचं घर, आणि जाता जाता चीजची दुकानं. ओळखीचं कोणी येणार असलं की मी या यादीत एक जागा आग्रहाने घालते आणि तिच्यासाठी अख्खी दुपार राखून ठेवायला सांगते. फाइझेलस्ट्राट ३२, म्हणजे ‘द बाझल’ ही इमारत. बांधली गेली बँकेच्या मुख्य कार्यालयासाठी, आणि २००७ पासून तिथे अ‍ॅमस्टरडॅम शहराचं अभिलेखागार आहे, स्टाड्सआर्खीफ. आत जायला तिकीट लागत नाही.

माझी पार्श्वभूमी आधीच सांगते, म्हणजे हा अभिप्राय कुठल्या नजरेतून आलाय ते कळेल. मी सरकारी बँकेतून निवृत्त झालेली अधिकारी. लेक अ‍ॅम्स्टलफेनला राहते, म्हणून इकडे येणं-जाणं असतं. नोकरीतली बरीच वर्षं स्ट्राँगरूमची एक किल्ली माझ्याकडे आणि दुसरी हेड कॅशियरकडे अशी जॉइंट कस्टडी सांभाळली आहे. वास्तुकलेचं शिक्षण मला नाही. पण कार्यालयाची इमारत कशाला म्हणतात, तिच्यात उजेड कुठून यायला हवा, तिजोरी कुठे असावी, वरिष्ठांची केबिन आणि कारकुनांचा हॉल यांच्यात किती अंतर असतं, हे मी रोज जगले आहे. त्या अनुभवावरून सांगते, इतकी विचारपूर्वक बांधलेली आणि इतक्या समजूतदारपणे पुन्हा वापरात आणलेली कार्यालयाची इमारत मी दुसरी पाहिलेली नाही.

आधी बाहेरून बघा, आणि घाई करू नका. हेरेनग्राख्तवरच्या पुलावर उभं राहिलं की एका बाजूला सतराव्या शतकातली श्रीमंत व्यापाऱ्यांची घरं दिसतात. ‘सोनेरी वळण’ म्हणतात तो कालव्याचा भाग इथेच आहे. आणि त्या घरांच्या शेजारी हा प्रचंड ठोकळा. हेरेनग्राख्तपासून कैझर्सग्राख्तपर्यंतची सगळी लांबी या एका इमारतीने घेतली आहे. तोंड रस्त्याकडे, दोन्ही खांदे दोन कालव्यांवर. विटा आणि दगड यांचे आडवे पट्टे एकावर एक चढत जातात, आणि वरचे मजले थोडे थोडे मागे सरकतात. या पट्ट्यांमुळे गावातल्या लोकांनी हिला ‘स्पेककूक’ असं नाव ठेवलं. स्पेककूक हा इंडोनेशियातून डच घरांत आलेला थरांचा मसालेदार केक, दिसायला आपल्या गोव्याच्या बेबिंकाच्या जवळचा. प्रेमाने ठेवलेलं नाव आहे, आणि चपखलही आहे, कारण या बँकेचा सगळा पैसाच मुळात त्या बेटांवरून आलेला.

ती बँक म्हणजे नेदरलँड्शे हांडेल-माटस्खापाय, नेदरलँड्स ट्रेडिंग सोसायटी. राजा पहिला विल्यम याच्या पुढाकाराने १८२४ मध्ये तिची स्थापना झाली. मूळ काम व्यापाराचं. १८३० पासून जावा बेटावर सक्तीच्या लागवडीची पद्धत आली, शेतकऱ्यांना जमिनीचा एक हिस्सा कॉफी, ऊस, नीळ अशा निर्यातीच्या पिकांसाठी द्यावा लागे, आणि तो माल युरोपात आणून विकण्याचं काम या कंपनीकडे होतं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ती हळूहळू बँकच झाली. आशियात ठिकठिकाणी तिच्या शाखा होत्या, त्यांत मुंबई आणि कोलकाताही होतं. १९६४ मध्ये ट्वेंट्शे बँकेशी विलीन होऊन तिची अल्गेमेने बँक नेदरलँड झाली, आणि १९९१ मध्ये आणखी एका विलीनीकरणातून आपल्याकडेही एके काळी माहीत असलेली एबीएन आम्रो. बँकांच्या विलीनीकरणात नाव, शिक्के आणि पासबुकं सगळं बदलतं हे आम्ही लोकांनी अलीकडे अनुभवलंय. इथे इमारत मात्र जागेवर राहिली.

वास्तुकार कारेल द बाझल. जन्म १८६९, मृत्यू १९२३. इमारतीचं बांधकाम १९१९ ते १९२६, म्हणजे त्याने ती पूर्ण झालेली पाहिली नाही. नोव्हेंबर १९२३ मध्ये मिशेल द क्लर्क हा दुसरा मोठा वास्तुकार अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेला. त्याच्या अंत्यविधीला निघालेला बाझल वाटेत आगगाडीतच गेला. एकाच आठवड्यात या शहराने आपले दोन मोठे वास्तुकार गमावले.

बाझल थिऑसॉफिस्ट होता, म्हणजे सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच गूढ सत्य आहे असं मानणारा. तरुणपणी थिऑसॉफीकडे वळल्यावर त्याने ज्येष्ठ वास्तुकार काउपर्स यांच्या कार्यालयातली नोकरी सोडली. थिऑसॉफिकल सोसायटी १८७५ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाली आणि १८७९ मध्ये तिचे संस्थापक मुंबईला येऊन गिरगावात राहिले, मग पुढे मद्रासजवळ अड्यारला गेले. तेव्हा गिरगावातून गेलेल्या विचाराचा एक धागा फिरून फिरून अ‍ॅमस्टरडॅमच्या बँकेत येऊन पोचला, हे मला फार आवडलं. बाझलचा विश्वास होता की प्रमाणबद्धता आणि भूमिती यांमागे विश्वाचा एक नियम आहे. म्हणून त्याने आराखडा ठरावीक मापाच्या चौकटीवर बसवला. खिडकी, खांब, फरशी, छताची नक्षी, सगळं त्या एका मापाशी बांधलेलं. आतून फिरताना हे डोळ्यांना जाणवतं. कुठेच काही अंदाजपंचे बसवलेलं वाटत नाही. एरवी तो फर्निचर आणि लेरडामच्या काच कारखान्यासाठी काचेची भांडीही करायचा, त्यामुळे लहान वस्तूंवर हात बसलेला माणूस मोठी इमारत कशी करतो तेही इथे बघायला मिळतं.

आणि हे सगळं पेलणारा सांगाडा आहे प्रबलित काँक्रीटचा. बाहेरच्या विटा-दगडांकडे पाहून तसं वाटत नाही. १९१९ मध्ये हे नवं तंत्र होतं, आणि बँकेला त्याची गरज होती: मोठे मोकळे हॉल हवेत, तळाशी तिजोरी हवी, कागदांच्या कपाटांचं वजन सोसलं पाहिजे. कागद किती जड असतो हे ज्याने लेजरचे ढीग एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवलेत त्यालाच माहीत. आमच्या शाखेत वरच्या मजल्यावर जुन्या रेकॉर्डची रॅक ठेवायची का यावर इंजिनियरने हरकत घेतली होती, ते मला इथे उभं राहिल्यावर आठवलं.

आता आत. मोठी दारं, मग पायऱ्या, मग एकदम उजेड. इमारत इतकी खोल आहे की मधल्या भागात बाहेरच्या खिडक्यांचा उजेड पोचणं शक्यच नव्हतं, म्हणून बाझलने मध्ये वरून प्रकाश घेणारे चौक ठेवले. कार्यालयात टेबलावर ऊन नको पण उजेड हवा, ही साधी गोष्ट शंभर वर्षांपूर्वी इथे बरोबर जमवलेली आहे. अभिलेखागारासाठी आतली नवी रचना क्लाउस एन कान या वास्तुकारांनी केली. त्यांनी जुन्यासारखं दिसणारं नवं काही केलं नाही. नवं ते नवं दिसतं, जुनं ते जुनं, आणि दोघंही एकमेकांना नीट वाट देतात.

ज्यासाठी खाली उतरायचं ते म्हणजे ‘स्खाटकामर’, बँकेची १९२६ ची तिजोरी. इथे मी खूप वेळ घालवला. जाडजूड पोलादी दार पाहिलं की माझा हात आपोआप बिजागरीकडे गेला. चांगल्या दाराची ओळख त्याच्या जाडीवरून होत नाही, ते किती हलक्या हाताने फिरतं त्यावरून होते. आत आर्ट डेको शैलीतली रंगीत भौमितिक नक्षी, भिंतींपासून वरपर्यंत. ज्या खोलीत ग्राहक आणि कर्मचारी सोडून कोणी येणार नाही, जिथे उजेडही विजेचाच, तिथे इतकं रंगकाम का केलं असेल? मला त्याचं उत्तर कामातून माहीत आहे. लॉकर उघडायला आलेला माणूस नेहमी थोडा अस्वस्थ असतो. आईचे दागिने काढायला आलेला असतो, वाटणीचे कागद ठेवायला आलेला असतो, कधी कधी घरातल्या कोणाला न सांगता आलेला असतो. त्याला ती खोली नुसती मजबूत असून चालत नाही, भरवशाची वाटावी लागते. आमच्या स्ट्राँगरूमला पिवळट डिस्टेंपर आणि एक ट्यूबलाइट होती. बाझलने ग्राहकाचा तो अवघडलेपणा ओळखला आणि त्याच्यासाठी सुंदर खोली केली.

या तिजोरीच्या जुन्या पोलादी कपाटांत आता शहराचे कागद मांडलेले असतात. प्रकाश अगदी मंद असतो, डोळ्यांना सवय व्हायला थोडा वेळ द्यावा लागतो. जुन्या कागदाला आणि शाईला पन्नास लक्सच्या आसपासच प्रकाश चालतो, जास्त झाला की शाई विरते, त्यामुळे याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. चष्मा बरोबर घ्या, एवढंच.

इथे काय काय आहे? या संस्थेच्या ताब्यात १२७५ सालचा दस्तऐवज आहे, ज्यात हॉलंडचा काउंट पाचवा फ्लोरिस याने अ‍ॅम्स्टलच्या धरणाजवळ राहणाऱ्या लोकांना जकात माफ केली. अ‍ॅमस्टरडॅमचा हा पहिला लेखी उल्लेख, आणि २०२५ मध्ये शहराचा ७५० वा वाढदिवस साजरा झाला तो याच कागदाच्या आधारावर. शहराचा जन्मदाखला म्हणजे एक करमाफीचा हुकूम, हे व्यापाऱ्यांच्या गावाला शोभणारंच आहे. अ‍ॅन फ्रँकच्या चोरीला गेलेल्या सायकलची १९४२ ची पोलिसांतली नोंद याच संग्रहात आहे. सायकल हरवल्याची तक्रार हा किती रोजचा कागद. पण ती नोंद झाल्यावर काही महिन्यांतच त्या मुलीला घर सोडून लपावं लागलं हे माहीत असलं की त्या दोन-चार ओळी वाचवत नाहीत.

रेम्ब्रांट तर इथे माझ्यासारखीला जसा दिसतो तसा कुठल्याच चित्रसंग्रहालयात दिसणार नाही. जून १६३४ मधली त्याच्या आणि सास्कियाच्या लग्नापूर्वीच्या नोंदणीची नोंद या संग्रहात आहे. नवऱ्या मुलाचं वय २६ लिहिलंय. १५ जुलै १६०६ ही प्रचलित जन्मतारीख धरली तर ते २७ भरायला हवं. मुलीच्या वतीने तिचे नातलग, धर्मोपदेशक सिल्वियस हजर आहेत. हे वाचताना मला आपल्याकडचे केवायसीचे फॉर्म आठवले, आधारवर एक तारीख, शाळेच्या दाखल्यावर दुसरी. आणि मग १६५६. त्या वर्षी रेम्ब्रांट कर्जात बुडाला आणि त्याने मालमत्ता धनकोंच्या हवाली करण्यासाठी अर्ज केला. जुलै महिन्यात अधिकारी त्याच्या घरी गेले आणि खोलीनिहाय यादी केली. ३६३ बाबी. स्वतःची चित्रं, दुसऱ्यांची चित्रं, पुतळे, शस्त्रं, शंखशिंपले, कागदांच्या चळती, आणि त्यांच्याच रांगेत घरातलं सामान. हातातलं काम तसंच ठेवून मी थकीत कर्जाच्या वसुलीसाठी लोकांच्या घरी गेलेली आहे, पंचनामा केला आहे, कपाटावर काय आहे आणि कपाटामागे काय आहे ते लिहून घेतलं आहे. त्यामुळे त्या यादीच्या लेखनिकाचा हात मला परका वाटला नाही. हे बोलायला सोपं आहे, पण कोणाचं घर असं खोलीनिहाय लिहून काढणं फार अवघड काम आहे. आज रेम्ब्रांट काय गोळा करायचा, काय बघून चित्रं काढायचा हे अभ्यासकांना कळतं ते बऱ्याच अंशी या यादीमुळे. वसुलीचा कागद साडेतीनशे वर्षांनी कलेच्या इतिहासाचा पुरावा झाला, आणि तो सांभाळणारी संस्था एका बँकेच्या इमारतीत आहे.

वारसामूल्याबद्दल मला जे म्हणायचंय ते इथेच येतं. नेदरलँड्समध्ये एखादी इमारत राष्ट्रीय स्मारक ठरवताना तिचं वास्तुकलेतलं स्थान, शहराच्या रचनेतली जागा, सांस्कृतिक इतिहास, ती किती अभंग राहिली आहे आणि अशी दुसरी किती आहेत, असे मुद्दे पाहिले जातात. द बाझल राष्ट्रीय स्मारक आहे आणि या प्रत्येक मुद्द्यावर ती उतरते. पण कागदावरच्या या मुद्द्यांपलीकडे एक गोष्ट आहे: या इमारतीचं काम चालू आहे. बांधली होती ती मौल्यवान कागद सुरक्षित ठेवायला, हिशेब करणाऱ्यांना उजेड द्यायला, आणि येणाऱ्याला आदराने आत घ्यायला. आजही ती तेच करते. कागद बदलले, मालक बदलला. आधी खात्यावर पैसे असणारा आत येत होता, आता शहरातला कोणीही येऊ शकतो.

हे किती दुर्मीळ आहे ते बघायचं तर याच शहरातल्या तिच्या बहिणी बघा. बंदराजवळचं स्खेपफार्टहाउस, जहाज कंपन्यांचं कार्यालय, अ‍ॅमस्टरडॅम शैलीची सुरुवात जिच्यापासून मोजतात ती १९१६ ची इमारत. तिचं २००७ मध्येच आलिशान हॉटेल झालं. स्पाउस्ट्राटवरचं बुंगेहाउस, १९३४ चं व्यापारी कार्यालय, मग विद्यापीठाकडे होतं, आता तिथे सभासदांचा क्लब आणि हॉटेल आहे. दोन्ही नीट जपलेल्या आहेत, त्यांच्या मालकांनी पैसा ओतला नसता तर त्या ढासळल्या असत्या, हे मान्यच आहे. पण तिथल्या जिन्यावरून चढायला खोली घ्यावी लागते किंवा सभासद व्हावं लागतं. शंभर टेबलं मांडून माणसं जिथे काम करत होती त्या जागी काय चालायचं, हे हॉटेलच्या खोलीतून कळत नाही. द बाझलमध्ये ते कळतं. आमच्या सेवेतल्या कित्येक देखण्या शाखांचं पुढे काय झालं ते पाहिलेल्या माणसाला हा फरक लगेच लक्षात येतो.

सगळं गोड आहे असं नाही. या आकाराची इमारत कालव्याच्या काठी असावी का, हा प्रश्न तेव्हाही होता. फाइझेलस्ट्राट रुंद करताना या बाजूची जुनी घरं पडली, आणि त्या जागी एवढा मोठा ठोकळा आला तेव्हा आकारमानावर भरपूर टीका झाली होती. सतराव्या शतकातली ती कालव्यांची मालिका २०१० पासून जागतिक वारसा यादीत आहे. तेव्हा आज कोणी अशी इमारत बांधायला निघालं तर परवानगी मिळणार नाही, आणि मिळूही नये. पुलावरून बघताना अरुंद घरांच्या रांगेत तिचा भार मला जाणवला, आणि तो नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. मात्र पुढचा कालवा ओलांडून त्याच बँकेची मारियस दाउंत्यर यांनी आराखडा केलेली १९७३ मधली इमारत बघितली की बाझलने किती सांभाळून घेतलं होतं ते दिसतं. मजले मागे सरकवणं, पट्ट्यांनी उंची मोडणं, कोपऱ्यांवर घाई न करणं, हे सगळं शेजाऱ्याचा मान ठेवण्याचे मार्ग होते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. दर्शनी भागावर मान वर करून बघा. योसेफ मेंडेस दा कोस्टा या शिल्पकाराने केलेले तीन पुरुष तिथे आहेत: कून, दांडेल्स आणि फान ह्युट्स. तिघंही डच ईस्ट इंडीजचे, म्हणजे आजच्या इंडोनेशियाचे, गव्हर्नर-जनरल. कूनने १६१९ मध्ये बटाविया, म्हणजे आजचं जकार्ता, वसवलं आणि १६२१ मध्ये जायफळासाठी बांदा बेटं घेतली. तिथले बहुतेक लोक मारले गेले, गुलाम झाले किंवा परागंदा झाले. दांडेल्सने १८०८ पासून जावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे हजार किलोमीटरचा रस्ता काढला, तो वेठीने. फान ह्युट्सची कीर्ती सुमात्रा बेटावरच्या आचेच्या युद्धातली. प्रवेशाजवळ फान डेन आइंडे यांनी केलेल्या आशिया आणि युरोप अशा दोन स्त्रीमूर्ती आहेत. ज्यांना आपलं म्हणून या इमारतीवर गौरवायचं होतं त्यांची ती निवड होती, आणि ती १९२६ च्या बँकेचं मन उघड दाखवते.

हे पुतळे काढावेत असं मला वाटत नाही. आपणही वसाहत होतो, त्यामुळे कून पाहून मला राग येतो आणि तो यायलाच हवा. पण पुतळे उतरवले तर ही एक छान नक्षीची जुनी बँक उरेल, आणि पैसा कुठून आला हा प्रश्नच कोणाला पडणार नाही. वर पुतळे आणि आत कागद, हे दोन्ही एका छपराखाली असणं मला बरोबर वाटतं. इथल्या नोटरींच्या दस्तांचा संग्रह १५७८ ते १९१५ पर्यंतचा आहे, रॅकची लांबी साडेतीन किलोमीटरच्या आसपास, आणि २०१७ मध्ये त्याची युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत नोंद झाली. त्यात व्यापाऱ्यांचे करार आहेत, खलाशांची मृत्युपत्रं आहेत, गुलामांच्या व्यापाराचे व्यवहारही आहेत. महापौर फेम्के हाल्सेमा यांनी १ जुलै २०२१ रोजी गुलामगिरीतल्या शहराच्या सहभागाबद्दल जाहीर माफी मागितली, ती जुन्या कागदांच्या अभ्यासावर उभी होती. एक लक्षात ठेवा, खुद्द ट्रेडिंग सोसायटीची दफ्तरं इथे नाहीत, ती द हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ज्यांना मुंबई-कोलकाता शाखांचं काही शोधायचं असेल त्यांनी तिकडे जावं.

सेवेबद्दल. वाचनकक्ष सर्वांसाठी खुला आहे, संशोधकच असायला हवं असं नाही. मला त्याहून जास्त पटली ती मागणीनुसार स्कॅनची पद्धत. संकेतस्थळावर सूचीतून हवं ते दफ्तर निवडायचं, त्याचं स्कॅन नसेल तर मागणी नोंदवायची, आणि ते झालं की फक्त तुम्हाला नाही तर सगळ्यांना दिसतं. म्हणजे प्रत्येकाच्या मागणीबरोबर सार्वजनिक संग्रह वाढत जातो. नोटरींचे दस्त वाचून त्यांची सूची करायला २०१६ पासून स्वयंसेवकांची मोठी फळी बसली आहे, आणि जुनं हस्ताक्षर वाचणारं सॉफ्टवेअरही मदतीला आहे. आपल्याकडे मोडी वाचणारी माणसं कमी होत चालली आहेत आणि दफ्तरखान्यांत रुमाल बांधलेले पडून आहेत, हे ज्याला सलतं त्याने ही पद्धत मुद्दाम समजून घ्यावी. अर्थात डच येत नसेल, आणि त्यातही सतराव्या शतकातलं वळण ओळखता येत नसेल, तर मूळ कागद वाचता येणार नाही. नावं आणि आकडे तेवढे लागतात. मला तेवढ्यावरही भागलं.

लहान मुलांना घेऊन गेलात तर ती तिजोरीत थोडा वेळ रमतील, मग कंटाळतील. ज्यांना फोटोंसाठी चकचकीत काही हवं आहे त्यांच्यासाठीही ही जागा नाही. पण बँकेत, पोस्टात, तहसिलीत, कोर्टात, कुठेही फायलींबरोबर आयुष्य गेलेली आई-वडिलांची पिढी इकडे मुलांकडे आली असेल तर त्यांना इथे नक्की न्या. माझ्या व्याह्यांना, ते रजिस्ट्रार ऑफिसात होते, इतर संग्रहालयांत बाक शोधावा लागतो. इथे तेच पुढे आणि आम्ही मागे.

जायचं कसं: मेट्रो ५२ ने फाइझेलग्राख्तला उतरून उत्तरेकडे चालत या, किंवा ट्राम २४. सोमवारी बंद असतं आणि शनिवार-रविवारच्या वेळा वेगळ्या असतात, म्हणून निघण्यापूर्वी संकेतस्थळ बघा. तात्पुरत्या प्रदर्शनांना तिकीट असू शकतं, तिजोरीला नाही. आत पुस्तकांचं दुकान आहे, शहराचे जुने नकाशे आवडत असतील तर तिथे जपून, पाकीट हलकं होतं. इमारतीची मार्गदर्शकासह फेरी असेल त्या दिवशी जमवलंत तर फारच उत्तम, कारण संचालकांच्या दालनांसारख्या खोल्या एरवी सहज दिसत नाहीत, आणि कारकुनांचा हॉल बघितल्यावर त्या बघायलाच हव्यात. क्रम मी सांगते तो ठेवा: आधी हेरेनग्राख्तचा पूल, मग पुतळे, मग प्रकाशाचा चौक, आणि तिजोरी शेवटी.

पाचपैकी पाच.